सरासरी ऊन आणि जुलैची रात्र : सोलर-बॅटरीचं गणित कसं मांडायचं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक हिशेब केला होता. तो वहीत राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण भोर तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा अभ्यासिकेसाठी वर्गणी जमत होती, आणि ‘आपलाच पोरगा सोलरमध्ये डॉक्टरेट करतोय’ म्हणून तो हिशेब थेट छतावर चढला. साधारण ८० हजार रुपये लागले. फेब्रुवारीत नारळ फुटला, उन्हाळाभर दिवे झकास चालले. मग जुलैत एका रात्री पावणेनऊला फोन आला, “दादा, दिवे गेले. आज तिसरा दिवस.” पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी वीस-बावीस मुलं-मुली मोबाईलच्या टॉर्चवर वाचत बसली होती.

पॅनेल चांगले होते, बॅटऱ्या नव्या होत्या, वायरिंग नीट होतं. चुकला होता तो माझा भागाकार. तुम्ही ऊर्जेच्या विषयात संशोधनाला उतरणार असाल तर हा भागाकार तुमच्याही वाट्याला येणार आहे, म्हणून तो आज पायरीपायरीने सांगतो. पेन-कागद घेऊन बसा. यात गुणाकार-भागाकारापलीकडचं काही नाही.

पायरी १ : आधी भार, मग पॅनेल

बहुतेक जण विचारतात, “किती किलोवॅटचं सोलर बसवू?” हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : दिवसाला किती युनिट लागतात, आणि कुठल्या वेळी?

अभ्यासिकेची माझी यादी अशी होती :

- २० वॅटच्या १२ एलईडी ट्यूब, ५ तास : १२०० वॅट-तास
- ३० वॅटचे ६ बीएलडीसी पंखे, ६ तास : १०८० वॅट-तास
- १० वॅटचा वाय-फाय राउटर, १२ तास : १२० वॅट-तास
- मोबाईल-लॅपटॉप चार्जिंग : ४०० वॅट-तास

बेरीज २८०० वॅट-तास, म्हणजे २.८ युनिट. यादी पूर्ण वाटते ना? मलाही वाटली होती. यात इन्व्हर्टर स्वतः काय खातो तेच नाही. काहीही चालू नसताना तो १५ वॅट घेत असेल, तर २४ तासांत ३६० वॅट-तास होतात. वाय-फायच्या तिप्पट! खरी मागणी निघाली ३.१६ युनिट. छोट्या यंत्रणेत अशा ‘न दिसणाऱ्या’ भाराचा वाटा मोठा असतो, हे लक्षात ठेवा.

पायरी २ : ऊन मोजायचं कसं?

आपल्याकडे सोयीसाठी ‘सूर्यतास’ वापरतात. दिवसभरात पडलेलं सगळं ऊन गोळा केलं, तर ते चौरस मीटरला १००० वॅट अशा कडक उन्हाच्या किती तासांएवढं भरतं, तो हा आकडा. पॅनेलवर छापलेले वॅटसुद्धा याच १००० वॅटच्या प्रकाशात आणि पॅनेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. म्हणून एक किलोवॅट पॅनेल गुणिले पाच सूर्यतास म्हणजे कागदावर पाच युनिट.

छतावर तेवढी मिळत नाहीत. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता प्रत्येक वाढीव अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे नुसत्या उष्णतेने दहा-बारा टक्के गेले. त्यात धूळ, वायर, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, इन्व्हर्टर. हे सगळं धरून आपण ०.७५ ने गुणू.

माझा त्या वेळचा भागाकार असा :

२.८ ÷ (५.३ × ०.७५) = ०.७ किलोवॅट

३५० वॅटचे दोन पॅनेल. सुटसुटीत उत्तर! पुढे हाच हिशेब मी आमच्या गाईडना दाखवला. मॅडमनी ५.३ वर पेन ठेवून एवढंच विचारलं, “हे ऊन कुठल्या महिन्याचं?”

ते कुठल्याच महिन्याचं नव्हतं. ती वर्षाची सरासरी होती. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये सूर्यतास साडेसहाच्या घरात जातात, आणि घाटाजवळच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये तीन-साडेतीनवर उतरतात. झड लागली की एक-दीड. तीन धरले तरी :

०.७ × ३ × ०.७५ = १.६ युनिट

लागतात ३.१६, येतात १.६. यात दिवे जाणारच होते, फक्त कधी जातील एवढंच ठरायचं होतं. एप्रिलचं जास्तीचं ऊन जुलैसाठी साठवता येत नाही. बॅटरी एक-दोन रात्रींची असते, तीन महिन्यांची नसते. म्हणून ऑफ-ग्रिड यंत्रणेत वार्षिक सरासरी फसवते. गाळ सरासरीने कंबरेइतका असेल म्हणून नदीत उतरावं, आणि मधला डोह डोक्यावरून जावा, तसंच हे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पीएम सूर्यघर योजनेतून २०२४ पासून अनेक घरांवर पॅनेल बसले. ते ग्रिडला जोडलेले असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वार्षिक सरासरी चालते. उन्हाळ्यातलं जास्तीचं युनिट ग्रिडमध्ये जातं आणि बिलात वळतं होतं. पण अशी बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. ‘छतावर सोलर आहे’ आणि ‘लाइट गेल्यावर दिवे लागतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

पायरी ३ : बॅटरीवर लिहिलेलं आणि बॅटरीतून मिळणारं

मी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या घेतल्या होत्या. १२ × १५० × २ = ३६०० वॅट-तास. रोजची गरज २.८, बॅटरी ३.६. पुरेल की!

पुरली, पण तिच्या जिवावर. लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे ३.६ मधले वापरायचे फक्त १.८. आमची बॅटरी रोज रात्री ऐंशी टक्क्यांच्या वर उपसली जात होती. दीड वर्षात दोन्ही बॅटऱ्या थकल्या आणि मोडीत गेल्या. उन्हाळ्यात सगळं झकास चाललंय असं वाटत होतं, तेव्हाच ती आतून झिजत होती.

आता नीट मांडू. काही भार दिवसाही चालतो, पण हिशेब सुरक्षित बाजूला राहावा म्हणून सगळं बॅटरीतूनच जातं असं धरा. इन्व्हर्टरमधून जाताना दहा टक्के घट धरली, तर बॅटरीतून रोज ३.५ युनिट निघायला हवीत. दोन दिवस ऊन नाही आलं तरी चालावं असं ठरवलं तर ७ युनिट. मग :

- लेड-ॲसिड, निम्मीच वापरायची : १४ युनिटची बॅटरी. १५० अँपिअर-तासाच्या आठ.
- लिथियम आयर्न फॉस्फेट, ८० टक्के वापरायची : साधारण ९ युनिटची बॅटरी.

पायरी ४ : किंमत विचारताना ‘कशाची’ ते विचारा

उदाहरणासाठी भाव धरू. लेड-ॲसिड एक बॅटरी १५ हजार, म्हणजे आठ बॅटऱ्यांचे १ लाख २० हजार. लिथियमचा भाव युनिटमागे १६ हजार, म्हणजे ९ युनिटचे १ लाख ४४ हजार. गावच्या बैठकीत कोण जिंकणार? अर्थात लेड-ॲसिड.

पण बॅटरी म्हणजे काही एकदाच भरायची टाकी नव्हे. ती आयुष्यभरात एकूण किती युनिटं देऊन जाते ते महत्त्वाचं. लेड-ॲसिडची १२०० आवर्तनं आणि लिथियमची ४००० धरली, आणि दोन्हींतून दर आवर्तनाला ७.२ युनिट निघतात असं मानलं, तर :

- लेड-ॲसिड : ७.२ × १२०० = ८,६४० युनिट. युनिटला १३.९ रुपये.
- लिथियम : ७.२ × ४००० = २८,८०० युनिट. युनिटला ५ रुपये.

बरेच लेख इथे थांबतात. तुम्ही थांबू नका, कारण या गणितात अजून एक खोट आहे. बॅटरीतून रोज ७.२ युनिट निघतच नाहीत, ३.५ निघतात. त्या वेगाने लिथियमची ४००० आवर्तनं संपायला साडेबावीस वर्षं लागतील. तेवढी बॅटरी टिकेल का? वापरा किंवा ठेवून द्या, बॅटरी वयानेही म्हातारी होते. लिथियमला १२ वर्षं आणि लेड-ॲसिडला ५ वर्षं धरून पुन्हा मांडू :

- लेड-ॲसिड : ३.५ × ३६५ × ५ = ६,३८८ युनिट. युनिटला सुमारे १९ रुपये.
- लिथियम : ३.५ × ३६५ × १२ = १५,३३० युनिट. युनिटला सुमारे ९ रुपये ४० पैसे.

लिथियम अजूनही स्वस्त, पण ५ रुपयांचे साडेनऊ झाले. ही वाढ झाली ती ‘असू दे थोडी मोठी’ म्हणून घेतलेल्या, रोज न वापरल्या जाणाऱ्या भागामुळे. एखाद्या शोधनिबंधात साठवणुकीचा युनिटदर वाचलात की आधी बघा, त्यांनी बॅटरी रोज पूर्ण वापरली जाते असं धरलंय का. निम्मे वाद तिथेच मिटतात.

पैशाच्या काळाचंही बघायला हवं. १२ वर्षांत लेड-ॲसिडचा संच दोनदा बदलावा लागेल, पाचव्या आणि दहाव्या वर्षी. १० टक्के व्याजदराने ते खर्च आजच्या पैशात आणले तर १,२०,००० + ७४,५०० + ४६,३००, म्हणजे सुमारे २ लाख ४१ हजार. शेवटच्या संचात तीन वर्षं शिल्लक राहतात हे वजा केलं तरी १ लाख ४४ हजारांची लिथियम पुढेच आहे. पण गावाकडे आज १ लाख २० हजारच असतील तर? मग हे गणित बरोबर असूनही निरुपयोगी आहे. खिशात आज किती आहेत, ही अटसुद्धा मॉडेलमध्ये लिहावी लागते.

आणखी एक सावधगिरी. ब्लूमबर्ग एनईएफच्या सर्वेक्षणात लिथियम-आयन बॅटरीची सरासरी किंमत २०१० मध्ये युनिटमागे ११०० डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. आकडा खरा आहे, पण ती जगभरातल्या घाऊक पॅकची सरासरी आहे, आणि त्यातल्या मोठ्या हिश्श्यावर गाड्यांच्या बॅटऱ्यांचा प्रभाव आहे. भोरच्या दुकानात पोचेपर्यंत त्यात पेटी, नियंत्रण सर्किट, कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा मिसळतो. डॉलरला रुपयाने गुणून थेट प्रबंधात लिहू नका. तीन कोटेशनं घ्या.

पायरी ५ : तिसऱ्या दिवसाची किंमत

जुलैच्या फोननंतर माझा पहिला विचार होता, “तीन दिवसांची बॅटरी टाकतो, विषय संपवतो.” बघा काय होतं. जादा एका दिवसाचे ३.५ युनिट, ८० टक्के वापर धरून ४.४ युनिटची जादा बॅटरी, १६ हजाराच्या भावाने ७० हजार रुपये. ती लागणार कधी? सलग तिसरा दिवस अंधारा असेल तेव्हाच. वर्षात अशा ६ रात्री धरा. १२ वर्षांत ७२ रात्री, २५२ युनिट.

७०,००० ÷ २५२ = युनिटला सुमारे २७८ रुपये!

पहिल्या दिवसाची साठवण नऊ-साडेनऊ रुपयांत, तिसऱ्या दिवसाची पावणेतीनशेत. शंभर टक्के खात्रीच्या जवळ जाल तसा शेवटचा एकेक टक्का असा महाग होत जातो. संशोधनात यासाठी एक माप आहे : वर्षभराच्या मागणीपैकी किती टक्के वीज पुरवता आली नाही. ‘शून्य टक्के’ ऐकायला छान, पण दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजला ते हवंच आणि अभ्यासिकेला नको असं असू शकतं. हे ठरवणं समीकरणाचं काम नाही. ते विचारून ठरवावं लागतं.

म्हणून मी विचारायला गेलो.

पायरी ६ : एक नाही, बारा गणितं

अभ्यासिकेत बसून यादी पुन्हा करताना एका मुलीने सरळ सांगितलं, “दादा, पावसात पंखे कोण लावतं?” १०८० वॅट-तास एका वाक्यात उडाले! जुलैची मागणी ३.१६ नाही, २.०८ होती. मी वर्षभर एकच भार धरला होता, जसं वर्षभर एकच ऊन धरलं होतं.

मग महिन्यागणिक मांडलं. ३५० वॅटचा आणखी एक पॅनेल वाढवला, म्हणजे एकूण १.०५ किलोवॅट, तर :

- जुलै : १.०५ × ३ × ०.७५ = २.३६ येणार, २.०८ लागणार. भागतं.
- जून, सूर्यतास ४ धरून : ३.१५ येणार, ३.१६ लागणार. जेमतेम!

म्हणजे कसोटीचा महिना जुलै नव्हेच. जूनमध्ये ढग आलेले असतात आणि उकाडा गेलेला नसतो, पंखे चालूच. सर्वांत कमी उन्हाचा महिना शोधायचा नसतो. ऊन भागिले मागणी हे गुणोत्तर ज्या महिन्यात सर्वांत लहान, तो शोधायचा असतो. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवलंय.

बॅटरीचंही बदललं. जुलैत इन्व्हर्टरची घट धरून रोज २.३ युनिट लागतात. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा लिथियम पॅक ५.१२ युनिटचा असतो, त्यातली ८० टक्के म्हणजे ४.१. अजिबात ऊन नसताना पावणेदोन रात्री. आणि अभ्यासिकेला मीटर होतंच. ‘बिल शून्य’ करायच्या हौसेपायी मीच ते हिशेबाबाहेर ठेवलं होतं. पावसाळ्यात लाइन दोन-दोन दिवस जाते हे खरं, पण उरलेले दिवस ती असते. बॅटरी ठराविक पातळीखाली गेली की मीटरवरून भरून घ्यायची, एवढं ठरवलं की तिसऱ्या दिवसाचे ७० हजार वाचतात. पॅक पडतो सुमारे ८२ हजारांना, १ लाख ४४ हजारांना नाही.

आता तुम्ही करून बघा

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. नासा पॉवर किंवा पीव्हीजीआयएस या मोफत संकेतस्थळांवर तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश टाका, रोजचं ऊन मिळेल. स्प्रेडशीटमध्ये ३६५ ओळी करा. प्रत्येक ओळ बँकेच्या पासबुकासारखी :

आजची शिल्लक = कालची शिल्लक + आज आलेली युनिटं − आज गेलेली युनिटं

दोनच नियम. शिल्लक बॅटरीच्या क्षमतेवर जाऊ शकत नाही, जादा वाया. आणि ठरवलेल्या तळाखाली जाऊ शकत नाही, तिथे दिवे गेले. वर्षात किती वेळा दिवे गेले ते मोजा. मग पॅनेल आणि बॅटरीचा आकार बदलत हाच हिशेब पुन्हा चालवा. एकाच वर्षाचं ऊन घेऊ नका, दहा वर्षांचं घ्या, कारण महिन्याच्या सरासरीत सलग चार दिवसांची झड दिसत नाही आणि दिवे तीच घालवते. मोठमोठ्या पॅकेजच्या पोटात मुळात हेच पासबुक असतं, फक्त तासातासाचं.

आणि हे करण्याआधी, ज्यांच्यासाठी करताय त्यांच्याकडे एक संध्याकाळ जाऊन बसा. मी पहिल्याच वर्षी बसलो असतो तर गावाच्या दोन बॅटऱ्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

दुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा वर्गणी मागायला मी स्वतः दारोदार गेलो. एका आजोबांनी पैसे देताना विचारलं, “या वेळी पावसाचं धरलंस का?” हो म्हणालो. गेल्या जुलैत अभ्यासिकेतून फोन आला नाही. मीच न राहवून एका रात्री साडेनऊला केला, तर पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं, “दादा, नंतर बोलू. सगळे वाचतायत.”